आजोबा टॉवेल विणायचे, आजी धोतरानं भांडी पुसायची

कानात इअरफोन आणि हातात ओली भांडी असतील, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी. आज इतिहास सांगणार आहे ओट्यापाशी लटकणाऱ्या फडक्याचा. मध्ये एक राणीही येईल, पण पाहुणी म्हणून.

गेल्या वर्षी पुण्यातल्या भाड्याच्या घरात मी पहिल्यांदा पाव करायला घेतले. मैदा मळला आणि वर नवाकोरा, जाडजूड टॉवेल झाकला. दोन तासांनी बघते तर पीठ टॉवेलला चिकटलेलं आणि त्यावर निळे निळे तंतू. सगळं फेकून दिलं. सोलापूरला आजीला फोन केला, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, “अगं, तो टॉवेल अंग पुसायचा. पिठावर जुनं धोतर टाकतात.”

आता गंमत ऐका. माझे आजोबा सोलापुरात टॉवेलच्या मागावरच कामाला होते. जन्मभर टॉवेल विणले, आणि घरात भांडी पुसायला मात्र त्यांचंच विरलेलं धोतर! लहानपणी मला वाटायचं, ही गरिबी. म्हणून पहिल्या पगारात मी आजीला महागाचे किचन टॉवेल पाठवले. ते अजून तिच्या कपाटात घडी करून ठेवलेत. माझं नेमकं काय चुकलं, ते मला या भागाची तयारी करताना कळलं.

टेरी टॉवेल, म्हणजे अंगावर छोटी छोटी वेटोळी असलेला टॉवेल, हा मूळचा तुर्कस्तानचा. 1850 मध्ये हेन्री ख्रिस्ती नावाचा इंग्रज तिकडे गेला आणि हे कापड बघून चकित झाला. घरचा कापडाचा व्यवसाय होताच. सॅम्युएल होल्टनं ते विणायचं यंत्र तयार केलं आणि 1851 मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात हे टॉवेल झळकले. व्हिक्टोरिया राणीला ते आवडले. झालं! हाताने विणायची चीज यंत्रावर आली.

हे विणतात कसं? मागावर उभ्या धाग्यांचे दोन संच असतात. एक ताणलेला, दुसरा सैल. दोन-तीन आडवे धागे थोडे लांब ठेवून घालायचे आणि मग एकदम ठोकून पुढे सरकवायचे. त्या धक्क्यानं सैल धागा वर उचलला जातो आणि त्याचं वेटोळं होतं. अशी हजारो वेटोळी पाणी शोषतात, म्हणून अंग पटकन कोरडं होतं. सोलापूरच्या टेरी टॉवेलला तर चादरीसारखंच भौगोलिक मानांकन आहे.

पण हीच वेटोळी पिठात अडकतात आणि काचेच्या ग्लासवर तंतू सोडतात. म्हणून युरोपात काच पुसायला सपाट विणीचं लिनन वापरायची पद्धत पडली. लिनन कशाचं, माहितीये? जवसाच्या खोडातल्या धाग्याचं. हो, आपण चटणी करतो तेच जवस! फ्रान्समधले पाववाले आजही लांब पाव फुगायला ठेवतात ते पीठ भुरभुरलेल्या लिननच्या कापडावर.

अमेरिकेत एकेकाळी पीठ सुती पोत्यांत यायचं. बायका ती पोती उसवून, धुऊन फडकी करायच्या. 1930 च्या मंदीत तर त्यांचे कपडेसुद्धा शिवले. पुढे कागदी पिशव्या आल्या, पण ‘फ्लोअर सॅक टॉवेल’ हे नाव अजून टिकून आहे. पातळ, सपाट, सुती कापड. म्हणजे काय? आजीच्या धोतराचं सख्खं भावंडच.

शिवाय नव्या कापडात खळ असते, ते पाणी ढकलतं. शंभर वेळा धुतलेलं धोतर पाणी लगेच पितं. तंतू सुटायचे ते आधीच सुटून गेलेले असतात.

तेव्हा घ्यायचंच असेल तर हात पुसायला टेरी; ग्लास, ताटल्या आणि पिठासाठी सपाट सुती किंवा लिनन. वापरण्याआधी दोन-तीनदा धुवा. कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव टाळा, त्याचा थर बसला की कापड पाणी शोषत नाही. पिठावरचं फडकं मात्र वेगळं ठेवा.

आजोबांना आपला माल चांगला ठाऊक होता, तो कुठे वापरायचा आणि कुठे नाही हेही. मी ज्याला गरिबी समजत होते, ती पारख होती.

गेल्या महिन्यात आजीनं धोतराचा एक तुकडा पाठवला. कडेला तिनं हातानं टीप घातलीये. परवा तो ओला करून, पिळून पिठावर टाकला. पाव फुगले. फोटो पाठवला तर आजी म्हणाली, “धोतर धुतलंस का लगेच?”

तुमच्या घरी भांडी कशानं पुसतात? आजीला विचारा आणि मला सांगा. भेटू पुढच्या भागात!