डोक्याची इजा : कमी उंचीवरून पडल्याने होणारी

माणसाच्या उंचीएवढ्या किंवा त्याहून थोड्या कमीजास्त अंतरावरून पडल्याने कवटीला वा मेंदूला होणारी इजा. पलंग, स्टूल, झोपाळा, ओली मोरी ही तिची नेहमीची ठिकाणे. बहुतेकदा टेंगळावर निभावते. क्वचित जीव जातो. नुसत्या उंचीवरून दोहोंतला फरक सांगता येत नाही.

१ मीटरवरून पडलेले डोके ताशी सुमारे १६ किमी. वेगाने जमिनीवर आदळते. हा वेग किती अंतरात शून्य होतो, यावर पुढचे सारे ठरते. मंदन एकसमान मानल्यास हिशेब सोपा आहे : पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, गुरुत्वत्वरणाच्या तितके पट मंदन. शहाबादी फरशी दबत नाही. दबते ती डोक्यावरची कातडी आणि थोडीशी कवटी. ते अंतर ५ मिमी. धरले, तर मंदन २०० पट. डोके वाळूत १० सेंमी. रुतले, तर अवघे १० पट. प्रत्यक्षात मंदन एकसारखे नसल्याने त्याचे शिखर याहून वर जाते.

ताठ उभा माणूस शुद्ध हरपून आडवा कोसळला, तर तो पायाशी बिजागरी असलेल्या दांड्यासारखा फिरतो. त्यामुळे १.७ मी. उंचीच्या माणसाचे डोके सरळ पडताना असते त्या ताशी २१ किमी.ऐवजी सुमारे २५ किमी. वेगाने आपटते. हात टेकले, गुडघे मोडले, तर बरीच ऊर्जा वाटेतच खर्ची पडते. फेफरे आलेल्याला किंवा दारू प्यायलेल्याला ते साधत नाही.

मेंदू दाबाने जवळजवळ आक्रसत नाही, मात्र कर्तन प्रेरणेने सहज विरूप होतो. म्हणून डोक्याला बसणारा गरकन हिसका सरळ आघाताहून घातक, असे ऑक्सफर्डचे भौतिकीविज्ञ हॉलबर्न यांनी १९४३ मध्ये मांडले. अशा हिसक्याने मेंदूकडून आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणून तुटतात व रक्त साकळते. म्हातारपणी मेंदू आक्रसल्याने त्या आधीच ताणलेल्या असतात. खेळाच्या मैदानांसाठी वापरला जाणारा डोके-इजा निकष (मर्यादा १०००) फक्त रेषीय त्वरण मोजतो, ही त्याची मोठीच उणीव.

मुलांच्या बाबतीत हा विषय कोर्टातही गाजला आहे. बाळ पलंगावरून पडले, हे पालकांचे म्हणणे खरे मानायचे की मारहाणीचा संशय घ्यायचा? अमेरिकी न्यायवैद्यक तज्ज्ञ जॉन प्लंकेट यांनी २००१ मध्ये खेळसाधनांवरून ०.६ ते ३ मी. पडून दगावलेल्या १८ मुलांची प्रकरणे प्रसिद्ध केली. त्यांतली १२ मुले पडल्यावर काही काळ शुद्धीवर होती.