बोइंग ७८७ : विजेवर अधिक भिस्त ठेवणारे विमान

नागपूरच्या ‘मिहान’मध्ये ज्याच्या फरशीखालील तुळया तयार झाल्या, ते बोइंग ७८७ विमान २०११ मध्ये सेवेत आले. इतर बहुतेक विमानांत केबिनमधील दाब राखण्यासाठी इंजिनातील दाबयुक्त गरम हवा वापरली जाते व त्यात इंधन खर्ची पडते. ७८७ मध्ये हे काम विजेवरील कॉम्प्रेसर करतात. त्यासाठी इंजिनांवर प्रत्येकी २५० केव्हीएची चार जनित्रे आहेत.

जानेवारी २०१३ मध्ये लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या दुर्घटनांमुळे एअर इंडियाच्या सहा विमानांसह जगभरातील ७८७ विमानांची उड्डाणे थांबली. बॅटरी पोलादी पेटीत बंदिस्त केल्यानंतरच ती पुन्हा सुरू झाली.

केवळ बॅटरीवरील प्रवासी विमानापुढे मुख्य अडसर वजनाचा आहे. एक किलो बॅटरीच्या तुलनेत तेवढ्याच इंधनात चाळीसपटींहून अधिक ऊर्जा असते. २०२० मध्ये युरोपात प्रमाणित झालेले पिपिस्ट्रेलचे विद्युत विमान म्हणूनच दोन आसनी आहे.