‘शेख’ मोठा झाला, ‘अजूज’ मागे राहिली

शेख हे आडनाव आपल्या समाजात किती घरांना आहे, ते सांगायला नको. पण अरबीत ‘शेख’ म्हणजे मुळात वयस्क पुरुष, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. फारसीतल्या ‘पीर’चेही तेच. पीर म्हणजे म्हातारा. पुढे शेख हा टोळीचा प्रमुख झाला, मदरशाचा गुरू झाला. पीर सिलसिल्याचा वाली झाला आणि त्याच्या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघेही नवस बोलू लागले. म्हातारपण पुरुषाच्या वाट्याला आले की शब्दाला असे मखर मिळते. मग म्हाताऱ्या बाईसाठी जो शब्द होता, त्याचे काय झाले?

तो शब्द ‘अजूज’. ऐन-जीम-जे ही त्याची अक्षरे. या धातूचा अर्थ मागे राहणे, असमर्थ असणे. उर्दूतला ‘आजिज’ याच घरातला आणि आपण मराठीत ‘अजिजीने विनवणी केली’ असे लिहितो, ती अजिजीही तिथूनच आलेली. (मराठीतल्या ‘आजी’शी मात्र याचे नाते नाही, ती आर्यिकेची लेक. ध्वनी जुळला की नाते जोडण्याची खोड आपल्यात आहे, म्हणून एवढे सांगितले.) थोडक्यात, शेखच्या वाट्याला मान आला आणि अजूजच्या वाट्याला लाचारी. अरब लोक हिवाळ्याच्या शेवटच्या चिवट थंडीच्या दिवसांनाही ‘अजूजचे दिवस’ म्हणतात.

कुरआनात हा शब्द चार वेळा येतो. दोनदा हजरत लूत यांच्या पत्नीसाठी, जी मागे राहणाऱ्यांबरोबर मागेच राहिली. उरलेल्या दोन वेळा तो हजरत सारा यांच्या तोंडी आहे. सूरह हूदच्या 72 व्या आयतीत पुत्राची खुशखबर ऐकून त्या नवलाने विचारतात, की मी अजूज आणि हे माझे पती शेख, आता मूल कसे व्हायचे? आमच्या मते ही आयत शब्दांच्या अभ्यासकाने थांबून वाचावी अशी आहे. दोन्ही शब्द एकाच वाक्यात, एकाच घरात, एकाच वयाच्या थकव्यासाठी आले आहेत. तिथे शेखला कोणतेही मखर नाही. आणि जिला असमर्थ म्हटले तिच्याच कुशीत हजरत इसहाक यांचा जन्म होतो. पुढे कलामच्या विद्वानांनी पैगंबरांच्या चमत्काराला ‘मोजिझा’ हा शब्द रूढ केला. मोजिझा म्हणजे इतरांना आजिज करणारी गोष्ट. धातू तोच!

‘शमाइल’मध्ये इमाम तिर्मिजींनी दिलेली एक रिवायत आपल्याकडे मजलिशीत हसतहसत सांगितली जाते. एका वृद्धेने जन्नतसाठी दुआ मागितली, तेव्हा पैगंबर (स.) म्हणाले की जन्नतमध्ये कोणी अजूज जाणार नाही. ती रडू लागली. मग त्यांनी समजावले, की ती तिथे तरुण होऊन जाईल. सांगणारे पुष्कळदा पहिल्या अर्ध्यावर जास्त रंगतात. पण तिथे दाराबाहेर राहतो तो शब्द. बाई आतच जाते.

निशापूरचे इमामुल हरमैन जुवैनी (1028–1085) हे इमाम गजालींचे उस्ताद. आयुष्यभर त्यांनी तर्काचे डोंगर उपसले. अखेरच्या काळात मात्र ‘निशापूरच्या म्हाताऱ्यांच्या श्रद्धेवर मला मरण यावे’ अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढल्याचे चरित्रकार सांगतात. हा म्हाताऱ्यांचा गौरव मानला जातो. आम्हाला तो अर्धाच गौरव वाटतो. यात म्हातारीकडे श्रद्धा आहे, पण इल्म नाही. ती निरागस आहे, म्हणून मोठी.

इतिहास वेगळे सांगतो. हदीसच्या विद्येत वय हेच धन होते. लहानपणी एखाद्या अतिवृद्ध उस्तादाकडून ऐकलेले आणि स्वतः दीर्घायुषी ठरलेले माणूस मिळाले, की मधल्या कड्या कमी होतात आणि सनद वजनदार होते. दमास्कसच्या आयशा बिन्त अब्दुल हादी (1323–1413) यांनी अगदी बालवयात वयोवृद्ध हज्जार यांच्याकडून ‘सहीह बुखारी’ ऐकली होती. सत्तरी ओलांडलेल्या या बाईंसमोर इब्न हजर अस्कलानी शिष्य म्हणून बसले. बुखारीचे सर्वांत मान्यताप्राप्त भाष्य लिहिणारे ते हेच. इथे म्हातारपण हे असामर्थ्य नव्हते. किंबहुना तरुण आयशाबाईंकडे इतक्या दुरून कोणी आले असते की नाही, याची शंकाच आहे.

आपल्यापैकी अनेकांनी पहिला कायदा मोहल्ल्यातल्या एखाद्या बडी बीच्या ओसरीवर गिरवला आहे. तिला कोणी उस्ताद म्हटले नाही, ‘शेखा’ तर दूरच. आणि मराठीचा तोरा मिरवावा असेही काही नाही. ‘म्हातारी’ हा शब्द संस्कृत ‘महत्तर’पासून, म्हणजे अधिक मोठी या अर्थापासून आला आहे. तरी घराघरांत तो उच्चारला जातो तो बहुधा वैतागूनच.

दमास्कसमध्येच झैनब बिन्त अल-कमाल (1248–1339) नावाच्या आणखी एक विदुषी होत्या. त्यांनी लग्न केले नव्हते. जन्मभर हदीस शिकवली. चरित्रकार त्यांना अजूज म्हणत नाहीत, ‘मुस्निदा’ म्हणतात, म्हणजे सनद देणारी. 1326 साली एक तरुण मगरिबी प्रवासी त्या शहरात आला आणि ज्यांच्याकडून आपल्याला इजाजत मिळाली त्यांची यादी त्याने दिली. तिच्यात सुमारे 78 वर्षांच्या झैनबबाईंचे नाव आहे. हा प्रवासी इब्न बतूता. सोळाएक वर्षांनी तो आपल्या दौलताबादेस आला, नंदुरबारवरून पुढे गेला. मराठा स्त्रियांबद्दलही त्याने लिहून ठेवले आहे, पण ते त्यांच्या नाकाच्या आणि भुवयांच्या सौंदर्याबद्दल.