वडिलांच्या नावाचा किल्ला

ग्रेनाडा हा कॅरिबियन समुद्रातला एक चिमुकला देश. क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, लोकसंख्या लाखभर. जायफळासाठी प्रसिद्ध, इतका की झेंड्यावरही जायफळ आहे. राजधानी सेंट जॉर्जेसमध्ये बंदराच्या तोंडाशी एक जुना किल्ला आहे. १९७९ नंतरची काही वर्षं त्याचं नाव होतं फोर्ट रुपर्ट. मॉरिस बिशपची गोष्ट या किल्ल्यापाशीच संपते.

रुपर्ट हे मॉरिसचे वडील. ते अरुबा बेटावर तेलशुद्धीकरण कारखान्यात कामाला होते, तिथेच २९ मे १९४४ रोजी मॉरिसचा जन्म झाला. पुढे कुटुंब ग्रेनाडात परतलं. मुलगा लंडनला जाऊन बॅरिस्टर झाला आणि १९७० मध्ये मायदेशी आला.

तेव्हा देशावर एरिक गेअरीचं राज्य होतं. गंमत म्हणजे हा गेअरीही एकेकाळी गरिबांचाच नेता. १९५१ मध्ये मळ्यांवरच्या मजुरांचा मोठा संप त्यानेच घडवला होता. पण सत्ता मुरली तसा माणूस बदलला. विरोधकांना झोडपायला त्याने गुंड पाळले, लोक त्यांना 'मुंगूस टोळी' म्हणायचे. १९७३ मध्ये बिशप आणि त्याच्या साथीदारांनी 'न्यू ज्युएल मूव्हमेंट' हा पक्ष काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बिशपला पोलिसांनी मरेस्तोवर मारलं. दोनच महिन्यांनी, २१ जानेवारी १९७४ ला, निदर्शनांच्या वेळी एका इमारतीच्या दारात रुपर्ट बिशप यांना गोळी घालण्यात आली. आत बायका-मुलं होती. १७ दिवसांनी, ७ फेब्रुवारीला देश स्वतंत्र झाला!

१९७६ च्या निवडणुकीत बिशप विरोधी पक्षनेता झाला, पण मतदानात घोटाळा झाल्याचा विरोधकांचा आरोप होता. १३ मार्च १९७९ ला गेअरी परदेशात असताना मूठभर लोकांनी लष्कराची छावणी आणि रेडिओ केंद्र ताब्यात घेतलं. फारसं रक्त न सांडता सत्ता पालटली. बिशप पंतप्रधान झाला तेव्हा त्याचं वय होतं ३४.

त्या सरकारने कामही केलं, हे मान्य करायलाच हवं. प्रौढ साक्षरतेची मोहीम काढली, बायकांना बाळंतपणाची पगारी रजा देणारा कायदा केला, मुलांना शिष्यवृत्त्यांवर परदेशी शिकायला पाठवलं. क्युबाच्या मदतीने पॉइंट सेलिन्सला नवा विमानतळ बांधायला घेतला. जुन्या विमानतळावर मोठी विमानं उतरत नव्हती, मग पर्यटक येणार कसे? पण अमेरिकेला त्यात लष्करी तळ दिसला. मार्च १९८३ मध्ये रेगन यांनी टीव्हीवर त्या धावपट्टीचा फोटोच दाखवला.

आता दुसरी बाजू. क्रांतीनंतर राज्यघटना स्थगित केली. निवडणूक घेऊ म्हणाले, घेतली नाही. 'टॉर्चलाइट' हे वर्तमानपत्र बंद पाडलं. शेकडो लोकांना खटल्याशिवाय तुरुंगात डांबलं. या सगळ्याला बिशपची संमती होती. त्याचे चाहते हा भाग गाळतात, आणि त्याला निव्वळ हुकूमशहा म्हणणारे आधीचा भाग गाळतात.

सप्टेंबर १९८३ मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीने ठरवलं की नेतृत्व बिशप आणि बर्नार्ड कोर्ड या दोघांनी वाटून घ्यावं. कोर्ड हा उपपंतप्रधान आणि तरुणपणापासूनचा मित्र. बिशपने आधी होकार दिला, मग फेरविचार करायला सांगितलं. १३ ऑक्टोबरला पक्षाने त्याला घरातच नजरकैदेत टाकलं.

इथे थांबून विचार करा. देशातला सगळ्यात लोकप्रिय माणूस कोंडला गेला, तर लोकांनी करायचं काय? मत द्यायचं, तर निवडणूक नाही. जाब विचारायचा, तर स्वतंत्र पेपर नाही, संसद नाही. बंद खोलीतल्या मूठभर माणसांनी निर्णय घेतला आणि तो फिरवायला एकही कायदेशीर वाट उरली नव्हती. ती वाट बंद करण्यात बिशपचाही हात होता.

उरला फक्त रस्ता. १९ ऑक्टोबरला हजारो लोक घरावर चालून गेले, त्यात शाळेच्या गणवेशातली मुलंही होती. त्यांनी बिशपला सोडवलं आणि सगळे किल्ल्याकडे निघाले. त्याच फोर्ट रुपर्टकडे. सैन्याने चिलखती गाड्या पाठवल्या, गर्दीवर गोळीबार झाला, जीव वाचवायला लोकांनी तटावरून उड्या टाकल्या. बिशप, जॅकलिन क्रेफ्ट, युनिसन व्हाइटमन आणि आणखी पाच जणांना भिंतीपाशी उभं करून मारलं. गेअरीच्या राजवटीत मारल्या गेलेल्या बापाच्या नावाचा किल्ला, आणि तिथे मुलाला मारणारे त्याच्याच क्रांतीचे सैनिक. बिशप तेव्हा ३९ वर्षांचा होता.

सहा दिवसांनी अमेरिकेचं सैन्य उतरलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी त्याचा निषेध केला. नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधींच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत राष्ट्रकुल परिषद भरली, तिथेही ग्रेनाडा गाजलं. पण आक्रमणाला दार उघडून दिलं ते १९ ऑक्टोबरनेच.

कोर्ड आणि इतरांना फाशीची शिक्षा झाली. ती पुढे जन्मठेपेत बदलली, आणि २००९ मध्ये कोर्ड सुटला. त्याच वर्षी पॉइंट सेलिन्सच्या विमानतळाला मॉरिस बिशपचं नाव दिलं गेलं. किल्ल्याला जुनं नाव परत मिळालं, फोर्ट जॉर्ज. बिशपचा मृतदेह मात्र घरच्यांना कधीच मिळाला नाही.

'आपला माणूस चांगला आहे, मग निवडणूक, कोर्ट, पेपर हवेत कशाला?' असं कुणी म्हणालं की मला हा किल्ला आठवतो. या गोष्टी वाईट राज्यकर्त्यापासून आपल्याला वाचवतात, हे खरंच. पण चांगल्या माणसावर पाळी येते तेव्हा त्यालाही त्यांचाच आधार असतो.