पोलिसांनी रचलेली आई : ‘व्हाइट हीट’च्या निमित्ताने

‘व्हाइट हीट’ मी पहिल्यांदा पाहिला तो एका मित्राने आणलेल्या, घासून गेलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. तेव्हा मी विशीत होतो. अमेरिकी गुंडांच्या तोंडचे इंग्रजी निम्म्याहून अधिक डोक्यावरून गेले. पण तुरुंगातल्या जेवणघराचा प्रसंग कळायला भाषा लागली नाही. लांबलचक टेबलांवर शेकडो कैदी जेवत आहेत. दूर बसलेल्या एका नव्या कैद्याला कोडी जॅरेट निरोप धाडतो : माझी आई कशी आहे? प्रश्न या कानातून त्या कानात सरकत जातो. उत्तर त्याच वाटेने परत येते. आई मेली. त्यानंतर जेम्स कॅग्नीच्या घशातून जो आवाज निघतो त्याला रडणे म्हणावे की गुरगुरणे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तो टेबलावर चढतो, ताटे उडवतो, अंगावर येणाऱ्या पहारेकऱ्यांना एकामागून एक आडवे करतो.

प्रश्न मला पडला तो नंतर. या माणसासाठी आपला जीव का गलबलावा? पहिल्या दहा मिनिटांतच त्याने आगगाडी लुटताना माणसे मारलेली असतात. १९३१च्या ‘द पब्लिक एनिमी’मध्ये कॅग्नीनेच गुंड रंगवला होता, त्याच्यामागे गरीब वस्ती होती, दारूबंदीचा काळ होता. १९४९ साली राउल वॉल्श या दिग्दर्शकाने आणि वॉर्नर ब्रदर्सने कोडीला असली कुठलीच सबब दिलेली नाही. त्याला आहे ती फक्त डोक्यात उठणारी जीवघेणी कळ, आणि आई. मूळ पटकथा कॅग्नीला साचेबंद वाटली होती. या माणसाला मनोरुग्ण करावे, ही सूचना आपलीच, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. पन्नाशीचा, अंगाने भरलेला हा नट म्हाताऱ्या आईच्या मांडीवर जाऊन बसतो, ती कल्पनाही त्याचीच.

मग आई कुठून आली? कथा व्हर्जिनिया केलॉग यांची. पटकथाकार आयव्हन गॉफ आणि बेन रॉबर्ट्स यांनी आईचे पात्र घेतले ते मा बार्करवरून. तिचे चार मुलगे होते, यांनी चाराचा एक केला. इथून माझा शोध सिनेमाकडून पोलिसी इतिहासाकडे वळला.

१६ जानेवारी १९३५ रोजी फ्लोरिडातल्या ओक्लावाहा येथे एका तळ्याकाठच्या घराला केंद्रीय पोलिसांनी वेढा घातला. कित्येक तास गोळीबार चालला. घरात दोन प्रेते सापडली : फ्रेड बार्कर आणि त्याची आई केट. फ्रेड दरोडेखोर आणि खुनी होता, याबद्दल वाद नाही. पण साठीच्या आसपासच्या या बाईवर कोणत्याही न्यायालयात गुन्हा शाबीत झालेला नव्हता. एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांनी मात्र तिला साऱ्या टोळीचा मेंदू ठरवले. त्यांच्या नावावरच्या ‘पर्सन्स इन हायडिंग’ (१९३८) या पुस्तकातून ही कहाणी पसरली आणि १९४०मध्ये तिच्यावर ‘क्वीन ऑफ द मॉब’ हा चित्रपटही निघाला. म्हातारी मारली गेली म्हटल्यावर तिने मोठे काहीतरी केलेले असणे पोलिसांच्या सोयीचे होते, असे माझे मत आहे.

त्याच टोळीतला अल्विन कार्पिस तीसहून अधिक वर्षे तुरुंगात काढून सुटला आणि १९७१ साली त्याच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मा साधी, भाबडी, घरात रमणारी बाई होती. दरोडा आखणे तिच्या आवाक्यातले नव्हते. दरोडेखोराची साक्ष कितपत धरायची, हा प्रश्न उरतोच. तरी एवढे खरे, की तिला मेंदू ठरवण्यात हूवर यांचा फायदा होता. तिला भाबडी म्हणण्यात कार्पिसचा फायदा मला तरी दिसत नाही.

‘व्हाइट हीट’ने पोलिसांचीच कहाणी उचलली. मार्गारेट विचर्लीची मा जॅरेट मुलगा तुरुंगात असताना टोळी चालवते. (आपल्या वाचकाला ‘दीवार’ आठवेल, पण तिथली आई थोरल्याचा काळा पैसा नाकारून घर सोडते.) मात्र पोलिस तिच्या मागावर लागतात तेव्हा ती बाजारात मुलासाठी स्ट्रॉबेरी घेत असते. तो कळवळून कोसळला की ती त्याचे डोके चोळते.

सेन्सॉरच्या संहितेप्रमाणे शेवटी कायदा जिंकायलाच हवा होता आणि तो जिंकतोही. पण कसा? सरकारी हेर हँक फॅलन खोट्या नावाने कोडीच्या कोठडीत शिरतो. कळ येते तेव्हा आईसारखेच डोके तोच चोळून देतो. सुटल्यावर कोडी त्याला लुटीचा अर्धा वाटा देऊ करतो, आईला देत असे तसा. आईच्या मृत्यूनंतर हा माणूस ज्या एकमेव जिवावर विसंबला, तो सरकारचा नोकर निघतो. मुलासाठी फळे घेणाऱ्या बाईमागे माणसे, मोटारीमागे रेडिओ, एकाकी माणसामागे मित्र : कायद्याची इथली सारी साधने अशी आहेत. शेवटी टॉरन्सच्या तेलकारखान्यात, गॅसच्या प्रचंड गोल टाकीवर उभ्या कोडीला फॅलन बंदुकीने टिपत राहतो तेव्हा त्याची बाजू घ्यायला माझे मन कधीच धजावलेले नाही. कोडी आईला हाक मारत टाकीसकट उडतो.

कार्पिसच्या आठवणीत एक बारीक तपशील आहे. टोळीला बेत आखायचा असला की ही मुले माला सिनेमाला पाठवून देत. पुस्तक चित्रपटानंतर बावीस वर्षांनी आले, त्यामुळे गॉफ आणि रॉबर्ट्स यांना ते वाचता येणे शक्यच नव्हते. पण ‘व्हाइट हीट’मध्येही एक सिनेमागृह आहे, मोटारीत बसून चित्रपट बघायचे, उघड्यावरचे. पोलिसांना चुकवत कोडी आई आणि बायकोसह तिथे गाडी घालतो. समोर पडद्यावर गॅरी कूपरचा युद्धपट चालू आहे. आणि कोडी आईला शेजारी ठेवून, पुढे काय करायचे त्याचा सगळा बेत तिला सांगतो.