अडीच सूत आणि आठ मिलिमीटर

उदगीरसारख्या तालुक्याच्या गावी नांगर आणि पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराला नवा लेथ सहसा परवडत नाही. तो जुना घेतो आणि जमेल तसा नीट करतो. रॉकेलने गंज निघतो, पट्टा बदलता येतो. काम अडते ते साध्या बोल्टपाशी. हरवलेल्या अडीच सुती बोल्टच्या जागी बाजारातला आठ मिलिमीटरचा बोल्ट लावला, तर तो दोन-तीन फेरे जातो आणि घट्ट होतो. पान्याला नळी लावून जोर केला, की बिडातले आटे मरतात. किरकोळ बोल्टपायी मोठा सुटा भाग वाया जातो. असे का होते?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये कारखान्यागणिक आटे निराळे असत. जोसेफ व्हिटवर्थ याने अनेक कारखान्यांतले बोल्ट गोळा करून मोजले आणि १८४१ मध्ये, सरासरीच्या आधारे, एक समान पद्धत सुचवली. आट्याचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीला इंचात किती आटे, हे तिने ठरवून दिले. रेल्वे आणि कापड गिरण्यांच्या यंत्रांबरोबर हे आटे भारतात आले. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, हे माप कारागिरांच्या तोंडी आजही आहे.

१९५६ मध्ये संसदेने दशमान मापांचा कायदा केला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. नकाशा एका दिवसात बदलला. यंत्रे मात्र बदलली नाहीत. चांगल्या बिडाचा लेथ कित्येक दशके चालतो. त्यामुळे एकाच छपराखाली दोन्ही मापे नांदत राहिली.

आता हिशेब पाहू. अडीच सुती व्हिटवर्थ बोल्टची जाडी ७.९४ मिलिमीटर, म्हणजे जवळपास आठच. परंतु त्याला इंचात १८ आटे असतात. दोन आट्यांतले अंतर १.४१ मिलिमीटर. आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टमध्ये ते १.२५, आणि कोन ६० अंश. दर फेऱ्याला ०.१६ मिलिमीटरचा फरक पडतो. तीन फेऱ्यांत तो अर्ध्या मिलिमीटरजवळ जातो. बोल्ट अडणारच!

लेथचा मुख्य आस व चक्र फिरण्याजोगे असतील, तर हवा तो बोल्ट त्याच लेथवर कापता येतो. लीडस्क्रूला इंचात ८ आटे असतील, तर १८ आट्यांसाठी चक्रांचे प्रमाण ४:९ हवे. आसाकडे ४० दात्यांचे आणि लीडस्क्रूवर ९० दात्यांचे चक्र चालेल. इंची लेथवर अचूक मिलिमीटरचे आटे हवे असतील, तर १२७ दात्यांचे चक्र लागते. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, आणि २५.४ म्हणजे १२७ भागिले ५. १२७ ही मूळ संख्या असल्यामुळे त्याहून लहान चक्रांनी हे प्रमाण तंतोतंत साधत नाही.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात करता येईल. भंगारातले दहा-बारा बोल्ट आणावेत. प्रत्येकाचे दहा आटे किती लांबीत बसतात ते पट्टीने मोजून दहाने भागावे, आणि बोल्ट इंची की दशमान ते विद्यार्थ्यांनी ठरवावे. मग शंका असलेले दोन बोल्ट आट्यात आटे बसवून उजेडासमोर धरावेत. मधून उजेड दिसला, तर त्यांची जोडी जमत नाही. जुन्या यंत्राला पाना लावण्यापूर्वी एवढी तपासणी जरूर करावी.