इष्टदैवताची निवड

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. अशा खेळांत खेळाडू एक कल्पित पात्र घडवतो. ते पात्र पुरोहिताचे असेल तर त्याच्यासाठी दैवतही निवडतो. निवडताना बहुधा पाहतो ते त्या दैवतापासून मिळणारे सामर्थ्य.

हा प्रश्न आपल्याला अपरिचित नाही. कुलदैवत जन्माबरोबर लाभते. इष्टदैवत माणूस स्वतः निवडतो. श्रीवर्धनच्या भट घराण्याचे कुलदैवत हरिहरेश्वर. हे घराणे पेशवेपदी आले, १७३२ मध्ये शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली आणि पुढे वाड्यातील गणपती रंगमहालात गणेशोत्सव दरबारी थाटाने होऊ लागला. कोकणातले कुलदैवत सुटले नाही. त्याच्या जोडीला विघ्नहर्ता आला.

पण विघ्ने टळली काय? थोरले माधवराव निस्सीम गणेशभक्त. क्षयाने जर्जर झाल्यावर ते थेऊरच्या चिंतामणीपाशी जाऊन राहिले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, अवघे २७ वर्षांचे असताना, तेथेच निवर्तले. पुढच्याच वर्षी ३० ऑगस्टला, ऐन गणेशोत्सवात, नारायणरावांचा शनिवारवाड्यातच खून झाला.

सामर्थ्याचा हिशेब मांडणाऱ्या खेळाडूने येथे दैवत बदलले असते. पेशव्यांनी ते बदलले नाही. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७८४ मध्ये, सारसबागेतील तळ्यात पुन्हा गणपतीचीच स्थापना झाली.

दैवताने पाठ फिरवली असे वाटल्यावरही माणूस कोणापुढे हात जोडतो, यावरून त्याची निष्ठा कळते. कल्पित पात्रासाठी दैवत निवडतानाही हाच प्रश्न आधी विचारायला हवा.